ट्युनिशिया: किनारा सोडून आत शिरा

दर्याकाठ
उत्तर आफ्रिका म्हटलं की आपल्याकडची मंडळी इजिप्तला जातात, हल्ली बरेच जण मोरोक्कोही करतात. ट्युनिशियाचं नाव फारसं निघत नाही. निघालंच तर हम्मामेत किंवा सूसचं समुद्रकाठचं हॉटेल, एक दिवस राजधानी ट्युनिस आणि सिदी बू सईदची निळी-पांढरी घरं, की झाली सहल. एवढ्यासाठी इतक्या लांब जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. या देशाचा जीव आतल्या भागात आणि दक्षिणेत आहे. आम्ही दोघं गाडी भाड्याने घेऊन फिरून आलो, ते ताजं आहे तोवर लिहून काढते. कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल.

देश लहान आहे, क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या निम्म्याहून जरा मोठा. उत्तरेला ओक वृक्षांची जंगलं आणि गव्हाची शेतं, मध्ये मैलोनमैल ऑलिव्ह, आणि खाली सहारा. सकाळी भूमध्य समुद्राकाठी न्याहारी करून संध्याकाळी खजुराच्या बनात पोचता येतं. रस्ते चांगले आहेत, वाहतूक उजव्या बाजूने.

सुरुवात दुग्गापासून करते, कारण मला तेच सगळ्यात जास्त भावलं. ट्युनिसच्या नैर्ऋत्येला साधारण ११० किलोमीटरवर, टेकडीच्या उतारावर अख्खं रोमन शहर उभं आहे. १९९७ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. ज्युपिटर, जूनो आणि मिनर्व्हा या रोमन देवतांचं मंदिर इसवी सन १६६-६७ मधलं. त्याचे खांब अजून छताचा त्रिकोण पेलून उभे आहेत. नाट्यगृहात साडेतीन हजार माणसं बसत. त्या पायऱ्यांवर बसलं की खाली सगळं खोरं दिसतं, आणि मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात. आम्ही होतो तेव्हा एक शाळेची सहल सोडली तर चिटपाखरू नव्हतं. मंदिराशेजारच्या चौकात फरशीवर एक मोठं वर्तुळ कोरलंय आणि त्याच्या कडेने बारा वाऱ्यांची नावं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याला कुठला वारा पाऊस आणतो आणि कुठला पीक जाळतो हे माहीत असणं किती गरजेचं होतं, ते त्या दगडावर उभं राहून कळतं.

दुग्गात रोमनांच्या आधीचंही एक बांधकाम आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, २१ मीटर उंच दगडी समाधी. तिच्यावर प्युनिक (प्राचीन कार्थेज शहरवाल्यांची) आणि लिबियन (इथल्या जुन्या स्थानिकांची) अशा दोन लिप्यांत लेख होता. लिबियन लिपीचं कोडं सोडवायला हा लेख फार उपयोगी पडला. पण १८४२ साली ब्रिटिश वाणिज्यदूत टॉमस रीड याने तो लेख काढून नेण्यासाठी समाधीच पाडली. लेख आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. समाधी फ्रेंच पुरातत्त्वज्ञ लुई प्वॅंसो यांनी १९०८ ते १९१० मध्ये विखुरलेले दगड जुळवून पुन्हा उभी केली. हे वाचून गेलात तर त्या समाधीपुढे पाय नक्की थबकतील.

दुसरं कैरवान. इसवी सन ६७० मध्ये उक्बा इब्न नाफी याने वसवलेलं शहर. तिथली मोठी मशीद म्हणजे सगळ्या मगरिबच्या, म्हणजे उत्तर-पश्चिम आफ्रिकेतल्या, मशिदींची थोरली. आजचं रूप मुख्यतः नवव्या शतकातलं. बिगरमुस्लिमांना अंगणापर्यंत जाता येतं, नमाजाचा दिवाणखाना दारातून पाहायचा. आतले खांब कार्थेज आणि इतर जुन्या शहरांच्या अवशेषांतून आणलेले, त्यामुळे एकाचं डोकं दुसऱ्यासारखं नाही. अंगण मध्याकडे उतरतं केलंय. पावसाचं पाणी संगमरवराच्या कोरीव जाळीतून जातं, माती वर राहते आणि पाणी खालच्या टाक्यात उतरतं. बाजूला विहिरींची तोंडं आहेत. त्यांच्या काठांवर शतकानुशतकं दोर घासून बोटभर खोल खाचा पडल्यात. मी त्या खाचांत बोटं घालून बराच वेळ उभी होते. पाऊस कमी पडणाऱ्या गावात थेंबन् थेंब कसा जपत असतील, हे त्या काठावर लिहिलेलं आहे.

एल जेमचं रोमन रंगमंडल तर बघालच, ते रस्त्यावरच आहे. सुमारे ३५ हजार प्रेक्षक बसतील एवढं, तिसऱ्या शतकातलं. ऑलिव्ह तेलाच्या पैशातून उभं राहिलं. पिंजऱ्यातली जनावरं ठेवायचे ते तळघरातले बोगदे चुकवू नका.

दक्षिणेचं उद्या लिहिते, हात दुखायला लागले.

सह्यवेडा
झकास. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. एक विचारतो, मोरोक्को झालेल्या माणसाने ट्युनिशियाला जावं का? मदिना (जुनं शहर), वाळवंट, उंट, तेच पुन्हा वाटणार नाही का?

दर्याकाठ
सह्यवेडा, मोरोक्कोत रंग जास्त आहेत, ॲटलासचे डोंगर आहेत, बाजार मोठे आहेत. तिथलं राजेशाही वैभव ट्युनिशियात नाही. पण प्राचीन इतिहासाची आवड असेल तर ट्युनिशिया कैक पटींनी वरचढ. रोमशी लढलेलं कार्थेज इथलं, त्याचा सेनापती हॅनिबल इथला. रोमला धान्य आणि तेल पुरवणारा प्रांत हा. आणि दुसरं म्हणजे गर्दी नाही. दुग्गासारखी जागा इटलीत असती तर रांगेत उभं राहून तिकीट काढावं लागलं असतं.

मेतकूट
आम्ही घरचे सगळे शाकाहारी, अंडंही नाही. निभाव लागेल का? की सोबत ठेपले आणि मेतकूट-भात?

पारिजात
मेतकूटताई, मी नोकरीनिमित्त काही वर्षं स्फॅक्स शहरात राहिलो, तेव्हा याचं उत्तर मी देतो. लागतो निभाव, पण सांगायला शिकावं लागतं. तिथे टूना मासा म्हणजे कोशिंबिरीवरची कोथिंबीर. 'सलाद मेशुइया' ही भाजलेल्या मिरच्या-टोमॅटोची कोशिंबीर मागवा, वर टूना आणि उकडलेलं अंडं हमखास. त्यामुळे ऑर्डर देतानाच 'टूना नको, अंडं नको' असं फ्रेंचमध्ये ठणकावून सांगायचं. कुसकुस (रव्याचे वाफवलेले दाणे) भाज्यांचा असला तरी पुष्कळदा मांसाच्या रश्श्यावर शिजवलेला असतो, तेव्हा तेही विचारून घ्या.

बिनधास्त खाण्यासारखं म्हणजे लबलाबी. खोलगट वाडग्यात शिळ्या पावाचे तुकडे आपणच मोडून घालायचे, मग दुकानदार त्यावर जिऱ्याचा वास मारणारे उकळते छोले ओततो, वर लसूण, हरिसा, लिंबू, ऑलिव्ह तेल. अंडं-टूना वरून घालतात, ते नको म्हणायचं. थंडीत सकाळी सकाळी लबलाबीच्या दुकानात उभं राहून खाण्याला तोड नाही. हरिसा म्हणजे सुक्या लाल मिरच्यांची लसूण-जिरं-धणे घालून वाटलेली चटणी, २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. जेवणाआधी ताटलीत हरिसा, त्यावर तेल आणि बाजूला पाव येतो. आपल्या जिभेला ती लगेच ओळखीची वाटते.

गोडात कैरवानचा मकरूद. रव्याच्या पारीत खजूर भरून, तिरप्या वड्या पाडून तळतात आणि पाकात बुडवतात. गरम असताना खा. सिदी बू सईदला बंबालूनी मिळते, कढईतून काढून साखरेत घोळवलेलं कडं. आणि पुदिन्याचा चहा, वर चिलगोजे तरंगत असतात.

दर्याकाठ
पारिजात, फार छान लिहिलंत. मेतकूटताई, दक्षिणेत तबूना पाव मिळेल, मातीच्या भट्टीच्या आतल्या भिंतीला थापून भाजलेला. तो, ऑलिव्ह आणि खजूर यांवर मी दोन वेळा जेवले, तक्रार नाही.

आता दक्षिणेचं.

तोझर हे मरूद्यानाचं गाव. लाखो खजुराची झाडं. 'देगलेत नूर' हा डहाळीसकट मिळणारा, उजेडात धरला तर आत बी दिसेल असा खजूर इथला. बागेत आत शिरलात की कळतं, ही तीन मजली शेती आहे. वर खजूर, त्याच्या सावलीत डाळिंब-अंजीर-जर्दाळू, आणि त्यांच्याही सावलीत भाजीपाला. गोव्यातलं कुळागर आठवतं, नारळ-पोफळीखाली केळी आणि मिरीचे वेल असतात तसं. फरक इतकाच की इथे बाहेर पाऊल टाकलं की रखरखीत वाळवंट. सगळी मदार पाण्याच्या वाटपावर. तेराव्या शतकात इब्न शब्बात नावाच्या गणितज्ञाने कुणाच्या बागेला किती वेळ पाणी द्यायचं याची रीत आखून दिली. गावातलं जुनं मोहल्ल्याचं बांधकाम पिवळट विटांचं आहे. विटा आतबाहेर बसवून भिंतीवर नक्षी काढलेली, गालिच्यात असते तशीच. दुपारच्या तिरप्या उन्हात बघा, सावल्यांमुळे नक्षी उठून दिसते.

तोझरहून शेबिका, तमेरझा, मिदेस ही डोंगरातली मरूद्यानं एका दिवसात होतात. १९६९ च्या महापुरात तिथली जुनी गावं उद्ध्वस्त झाली, लोक शेजारी नव्या घरांत गेले. जुनी घरं तशीच मोकळी उभी आहेत. मिदेसला घळीच्या काठावर सांभाळून चाला, कठडे नाहीत.

पूर्वेला केबिलीकडे जाताना रस्ता शॉत एल जेरिद या मिठाच्या सरोवरातून जातो. बांध घालून वर रस्ता केलाय, दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत मीठ. कडेच्या चरांतलं पाणी कुठे गुलाबी, कुठे हिरवट. मृगजळ शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं, इथे समोर दिसतं. लांबचा ट्रक जमिनीपासून वर उचलल्यासारखा तरंगत येतो. गाडी मुख्य रस्त्यावरून खाली मिठावर उतरवू नका, वरचा थर कडक दिसतो पण खाली चिखल असतो.

पुढे मतमाता. मऊ खडकात विहिरीसारखा मोठा गोल खड्डा खणून, त्याच्या तळाशी अंगण आणि भिंतींत कोरलेल्या खोल्या. अमाझिग (बर्बर) लोकांची ही घरं उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात ऊबदार. काही घरांत कुटुंबं आजही राहतात आणि पाहुण्यांना आत बोलावून पाव, मध, तेल पुढे ठेवतात. जाताना थोडे दिनार ठेवावेत, तशी रीत आहे. फोटो काढण्याआधी घरच्या बाईला विचारा.

तताविनच्या आसपास कसर म्हणजे धान्याची सामाईक कोठारं आहेत. कसर उलाद सुलतान बघाच. घुमटाकार छपराच्या कोठ्या एकावर एक चार मजल्यांपर्यंत रचलेल्या, वर चढायला भिंतीतून बाहेर आलेल्या अरुंद पायऱ्या. धान्य आणि तेल इथे साठवायचं. शेनिनी हे गाव डोंगराच्या अंगात कोरलेलं आहे, वरच्या कड्यावर पडक्या गढीपर्यंत चढून जाता येतं.

जुना_नकाशा
दर्याकाठ, एक भर घालू द्या. आपल्या माणसांसाठी ट्युनिशियात आणखी एक कारण आहे आणि त्याची आठवण कुठल्याच सहलीत निघत नाही. १९४३ च्या पहिल्या सहामाहीत चौथी भारतीय डिव्हिजन याच भूमीवर लढली. एप्रिलमध्ये वादी अकारितच्या लढाईत दुसऱ्या गुरखा रायफल्सचे सुभेदार लालबहादूर थापा यांनी रात्री अरुंद घळीतून खुकरी आणि पिस्तूल घेऊन वरची ठाणी एकामागून एक मोकळी केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच महिन्यात जेबेल गार्सी या डोंगरावर सहाव्या राजपुताना रायफल्सचे कंपनी हवालदार मेजर छेलू राम, जखमी अधिकाऱ्याच्या जागी कंपनीची सूत्रं घेऊन लढता लढता पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. १२ मे १९४३ रोजी जर्मन सेनापती फॉन आर्निम शरण आला तो चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या हद्दीत.

छेलू राम यांची कबर स्फॅक्सच्या युद्ध दफनभूमीत आहे. तिकडून जाणार असाल तर अर्धा तास काढा. आपल्याकडून तिथे फार कमी लोक जातात.

पारिजात
जुना_नकाशा, मी तिथे गेलो आहे. राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोग देखभाल करतो, जागा फार नेटकी आहे. भारतीय नावं वाचत चालताना एका ओळीत हिंदू, मुसलमान, शीख, गुरखा सगळे भेटतात. मी छेलू रामांसारखा हरियाणाचा नाही की फौजी घराण्यातला नाही, तरी तिथून पटकन निघवेना.

रानजाई
मला मात्र ट्युनिस आणि सूसबद्दल जरा बोलायचंय. 'आत शिरा' ठीक, पण राजधानी एका दिवसात उरकण्याजोगी नाही. ट्युनिसच्या मदिनेत झैतुना मशिदीभोवती एकेका धंद्याची गल्ली आहे. शेशिया ही लाल लोकरी टोपी करणाऱ्यांच्या दुकानांत अजून हाताने काम चालतं. काटेरी बोंडाच्या ब्रशने लोकर घासून घासून मखमलीसारखी करतात. बार्दो संग्रहालयातले मोझेक (रंगीत दगडी तुकडे जुळवून केलेली चित्रं) बघायलाच अर्धा दिवस हवा. दुग्गात सापडलेला युलिसिसचा मोझेक तिथे आहे, शिडाच्या खांबाला बांधलेला युलिसिस आणि बाजूला जलपऱ्या. सूसला सापडलेला कवी व्हर्जिलचा मोझेकही तिथेच. संग्रहालय २०२१ पासून बंद होतं, सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा उघडलं. सोमवारी बंद असतं.

आणि कार्थेज! ट्युनिसहून ला मार्साकडे जाणारी लोकल धरायची, १८७२ पासूनची ही रेल्वे. कार्थेजचे अवशेष पाच-सहा ठिकाणी विखुरलेले आहेत, सगळ्यांना मिळून एकच तिकीट. बिर्सा टेकडीवरून खाली बघा, बंगल्यांच्या मधोमध एक गोल तळं दिसेल. ते कार्थेजच्या आरमाराचं गोदी-बंदर.

दर्याकाठ
रानजाई, ट्युनिसला दोन-तीन दिवस द्या यात आपलं एकमत. माझा आक्षेप समुद्रकाठच्या हॉटेलात आठवडा घालवण्याला आहे.

बार्दोच्या बाबतीत एक सांगते. तिथले मोझेक भिंतीवर टांगलेले आहेत. जमिनीवरचे, जिथल्या तिथे असलेले बघायचे तर बुला रेजियाला जा. उत्तर-पश्चिमेचा उन्हाळा टाळायला श्रीमंतांनी तिथे घरांचा एक मजला जमिनीखाली बांधला. जिना उतरून गेलं की खांबांचं अंगण, जेवणाचा दिवाणखाना, आणि पायाखाली अँफिट्राइटच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घरातला समुद्रदेवीचा मोझेक. रखवालदाराने बाटलीतलं थोडं पाणी धुळीवर शिंपडलं आणि करडी फरशी एकदम रंगीत झाली. माशांचे खवलेसुद्धा मोजता येतील इतकं बारीक काम.

आणि काप बॉन द्वीपकल्पाच्या टोकाजवळ केरकुआन. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या मध्याला हे प्युनिक शहर ओस पडलं आणि रोमनांनी त्यावर काही बांधलं नाही. म्हणून कार्थेजवासीयांचं घर कसं असे, ते बघायला जगात हीच खरी जागा. घराघरात गुलाबी गिलाव्याची, बसून आंघोळ करायची छोटी न्हाणी आहे. अगदी समुद्राच्या काठावर.

गोदाकाठ
आईबाबांना न्यायचा विचार आहे. बाबांचे गुडघे दुखतात. आणि सुरक्षेचं काय? २०१५ चं ऐकून आई घाबरली आहे.

पारिजात
गोदाकाठ, २०१५ मध्ये बार्दो आणि सूसला हल्ले झाले, त्यात बरेच परदेशी पर्यटक गेले, हे खरं आहे. त्यानंतर बंदोबस्त खूप वाढला. रस्त्यात राष्ट्रीय गार्डच्या चौक्या लागतात, पासपोर्ट जवळ ठेवा, विचारपूस करून सोडतात. लिबियाच्या हद्दीजवळ आणि कसरीनच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत मात्र जाऊ नका. निघण्याआधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना बघून घ्या.

गुडघ्यांचं म्हणाल तर कैरवान, बार्दो, तोझर, जेर्बा बेट हे सपाटीचं आहे. दुग्गात वरच्या फाटकाने शिरलात तर नाट्यगृह आणि मंदिर जवळच आहेत, बाबांना तिथे सावलीत बसवा आणि तुम्ही खाली उतरा. शेनिनी त्यांच्यासाठी नको. गाडी चालकासकट घ्या.

एकट्याने फिरणाऱ्यांसाठी लुआज ही सोय उत्तम. आठ जणांची सामाईक व्हॅन, भरली की सुटते. लांबच्या गावांना जाणाऱ्यांवर लाल पट्टा असतो. भाडं ठरलेलं, घासाघीस नाही.

पैशांचं: दिनार देशाबाहेर नेता येत नाही, आणताही येत नाही. विमानतळावर थोडे बदला, पावती जपून ठेवा, उरलेले परत बदलताना मागतात. एका दिनाराचे हजार मिलीम होतात, म्हणून पाटीवर १,५०० दिसलं तर घाबरू नका, तो दीड दिनार आहे.

आंबोली
बाईमाणसाने एकटीने जावं का?

रानजाई
मी एकटीच होते. ट्युनिस, सूस, जेर्बा इथे अडचण आली नाही. काही कॅफे फक्त पुरुषांनी भरलेले असतात, तिथे न बसता जोडप्यांची वर्दळ असलेला कॅफे शोधायचा. दक्षिणेत खांदे-गुडघे झाकलेले कपडे सोयीचे. जेर्बाला नक्की जा. २०२३ मध्ये अख्ख्या बेटाचा पसाराच जागतिक वारसा झाला. एल ग्रीबा हे यहुद्यांचं प्राचीन प्रार्थनास्थळ, इस्लाममधल्या इबादी पंथाच्या किल्ल्यासारख्या पांढऱ्या छोट्या मशिदी, त्यातली एक जमिनीखाली, आणि एर्रियाद गावातल्या भिंतींवर २०१४ मध्ये देशोदेशीच्या चित्रकारांनी काढलेली चित्रं. गावभर पायी हिंडा.

सह्यवेडा
पटलं. डिसेंबरच्या सुट्टीत बारा दिवस मिळतील. कसं बसवू?

दर्याकाठ
डिसेंबर दक्षिणेसाठी छान, रात्री मात्र कडाक्याची थंडी, स्वेटर न्या. उन्हाळ्यात तोझरचा विचारही नको. भारतातून थेट विमान नाही, दोहा, दुबई किंवा इस्तंबूलहून बदलून जा. सुरुवातीला ट्युनिस-कार्थेज तीन रात्री. मग गाडी घेऊन दुग्गा, मुक्काम त्याच भागात, दुसऱ्या दिवशी बुला रेजिया. तिथून कैरवान एक रात्र. पुढे तोझर दोन, मतमाता-तताविन भागात दोन, जेर्बा दोन. परतताना स्फॅक्सला दफनभूमी आणि एल जेम करून ट्युनिस. दूझला वाळवंट महोत्सव डिसेंबरात भरतो, तारखा जुळल्या तर एक रात्र तोझरची कमी करून तिकडे वळवा. केरकुआन यात बसत नाही, एक दिवस वाढला तर घाला. हॉटेलं दक्षिणेतली आधी आरक्षित करा, उत्तरेत ऐनवेळी मिळतात.